सेट नंतर, आधी पलीकडचा माणूस

पत्र: ताई, सप्रेम नमस्कार. मी केरी-सत्तरीचा. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, वय ४६. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झालो आणि आता परवाना व व्हीयू-३ चा कॉलसाईन (हवेत ओळख सांगण्याचे नाव) हातात आला आहे. गेल्या पावसाळ्यात झाड पडून दोन दिवस वीज नव्हती, मग मोबाईलची रेंजही गेली. घरी आई आहे, तिला दम्याचा त्रास. तेव्हापासून डोक्यात बसले आहे की घरात असा एक सेट हवा, जो उचलून कुठेही नेता येईल. मित्राची हँडी (हातात धरायचा छोटा सेट) आणून पाहिली. घरात नुसती खरखर, वाघेरीवर चढलो तर मात्र कोणीतरी लांबचे स्वच्छ ऐकू आले. सत्तर हजारांपर्यंत खर्च करू शकतो. भाचा अमेरिकेत असतो, तो चवथीला येताना आयकॉमचा आयसी-७०५ आणतो म्हणतो, वरचे पैसे सावकाश दे म्हणतो. ओळखीचे एक गृहस्थ जुना येसू एफटी-८१७ विकतात. इंटरनेटवर चिनी बनावटीच्या शिएगू जी-९० ची स्तुती वाचतो. पाच वॉट, दहा वॉट, वीस वॉट, मला काही सुधरत नाही. पुण्याचा माझा मेव्हणाही हॅम आहे. त्याच्याशी बोलणे होईल का? कुठला सेट घेऊ? (केरीचा एक मास्तर)

भाऊ, नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. तीन सेटांची नावे तुम्ही आधी लिहिलीत आणि मेव्हण्याचे शेवटी, जाता जाता. माझ्या उत्तराची सुरुवात मी मेव्हण्यापासून करते, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली त्याच्याकडे आहे. रेडिओ हे दोन टोकांचे काम. पलीकडे कोण, किती लांब, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि मध्ये काय आडवे, एवढे ठरले की सेटाची निवड बरीचशी आपोआप होते. ते न ठरवता घेतलेला सेट कितीही भारी असला तरी सहा महिन्यांत कपाटात जातो. असे सेट मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेले.

२००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानातून हवेत येणे, म्हणजे रेडिओवर बोलणे, ही हॅम लोकांना मोठी अपूर्वाई, म्हणून जगभरचे लोक त्यांचा आवाज शोधत बसलेले. २६ तारखेला त्सुनामी आली आणि फोन बंद पडले. तेव्हा अँटेना उभी होती आणि मुख्य म्हणजे पलीकडे ऐकणारे आधीपासून जागे होते. म्हणून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाईकांपर्यंत पोचली. हाच सेट कोणी त्सुनामीनंतर खोक्यातून काढून पहिल्यांदा जोडला असता तर किती वेळ गेला असता, याचा विचार करा. तुमच्या आईसाठी तुम्ही जे करू पाहता त्याची रीत हीच आहे. संकट नसताना रोज बोलायचे, म्हणजे संकटात बोलता येते.

आता तुमची जागा. गोव्यात केरी तीन. पेडण्याच्या केरीला समुद्र लागून आहे, तिथल्या माणसाला मी अगदी वेगळा सल्ला दिला असता. फोंड्याच्या केरीवाल्याला आणखी वेगळा. तुमची केरी घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाच्या शेजारी, डोंगरांच्या ओंजळीत. हँडीवर घरात खरखर आणि वाघेरीवर स्वच्छ आवाज, यात सेटाचा दोष काही नाही. हँडी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालते आणि त्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. सपाट जागी उभ्या माणसाच्या हातातल्या हँडीचे क्षितिज पाच-सहा किलोमीटरवर संपते. दोन्हीकडे माणसे उभी असतील तर अंतर अकरा-बारा किलोमीटर. तेही मध्ये काही आडवे आले नाही तर. पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वताची उंची साधारण साडेतीनशे मीटर. तिथे तीच हँडी घेऊन गेलात तर क्षितिज सत्तर किलोमीटरच्या पुढे सरकते, म्हणजे पार पेडण्यापर्यंत. हँडीला वॉटांपेक्षा उंची लागते. घरात बसून हँडीवर वाळपईशी बोलण्याची आशा सोडा, मध्ये डोंगर आहे आणि तो हलणार नाही. पाच वॉटांची हँडी टाकून आठ वॉटांची आणली तरी नाही. मुलांना घेऊन डोंगरावर जाल तेव्हा ती जरूर न्या. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र ती नव्हे.

मेव्हणा पुण्याला. केरीपासून पुणे सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर, मध्ये सह्याद्रीच्या रांगा. हे अंतर मोठे गमतीचे आहे. सरळ जाणाऱ्या लहरींना फार लांब, आणि आकाशातून उसळी घेऊन हजारो किलोमीटरवर उतरणाऱ्या लहरींना फार जवळ. त्यासाठी शॉर्टवेव्हमधला ४० मीटर लहरलांबीचा बँड (पट्टा), आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, आणि अँटेना मुद्दाम खाली बांधलेली. अंगणात नळी सरळ वर धरली की पाणी आपल्याच भोवती पडते आणि तिरकी धरली की लांब जाते, हे तुम्ही वर्गात मुलांना शंभरदा दाखवले असेल. खाली बांधलेली तार लहर अशीच जवळजवळ सरळ वर फेकते. अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात ती वळते आणि भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरच्या घेरात खाली येते. डोंगर कितीही उंच असो, तिच्या वाटेत येतच नाही. कोल्हापूर, पुणे, मुंबई, सगळे या घेरात. ओंजळीत राहणाऱ्या माणसाला यासारखी सोय नाही.

तुमच्याच शेजारच्या रानात याचा इतिहास आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त शॉर्टवेव्ह रेडिओ सुरू केला आणि गोवा मुक्त होईपर्यंत, १९६१ च्या डिसेंबरापर्यंत, तो पोर्तुगीज राजवटीच्या कानाशी बोलत राहिला. ते प्रक्षेपण होते, आपले हॅमचे संभाषण असते, हा फरक आहेच. पण रानात सेट घेऊन बसायचे, वीज जपून वापरायची, पाऊस सोसायचा आणि ठरलेल्या वेळी हवेत यायचे, ही शिस्त तीच. चोर्ल्याहून आंबोलीकडचे डोंगर दिसतात तेव्हा मला त्या दोघांची आठवण होतेच.

वेळेचे सांगते, कारण नवे लोक इथेच निराश होतात. ४० मीटरवर पुण्याशी बोलायला सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा या वेळा उत्तम. भर दुपारी आयनांबराचा खालचा थर लहर शोषून घेतो, तेव्हा कमी ताकदीच्या सेटाला दमछाक होते. रात्र झाली की वरचा थर विरळ होत जातो, जवळचे आवाज बुडतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचे वर येतात. एकदा रात्री नऊला पुणे ऐकू आले नाही म्हणून सेट वाईट ठरवू नका. ऋतूचेही तसेच. सर्वात वाईट कडकडाट आषाढातल्या संततधारेत नसतो. तो मेच्या संध्याकाळी आणि परतीच्या पावसात असतो, वीज शेकडो किलोमीटर दूर चमकली तरी स्पीकर तडतडतो. जुलैच्या मुसळधार पावसात बँड बऱ्याचदा शांत मिळतो, आणि तुम्हाला सेट हवा आहे तो नेमका त्या दिवसांसाठी.

वॉटांचा घोळ एकदा मोडून टाकू. पाच वॉटांवरून वीसवर गेलात की पलीकडच्या मीटरवर आवाज एक एस-युनिट, म्हणजे त्या मीटरवरची एक पायरी, चढतो. पाचावरून शंभरावर गेलात तरी दोन पायऱ्यांच्या थोडे वर, एवढेच. शांत सकाळी पाच वॉटांत पुणे सहज होते. पण तुम्ही मौजेसाठी मागत नाही, वाईट दिवसासाठी मागता. वाईट दिवशी तडतडीवर डोके काढायला ती एक पायरी फार मोलाची असते. म्हणून माझा कौल वीस वॉटांना. मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची भाषा, शिकलात तर पाच वॉटांचे जणू पन्नास होतात, कारण बारीक टिकटिक गोंगाटातूनही वेचता येते. तुम्ही विज्ञानाचे मास्तर आहात, पुढे जनरल ग्रेडची परीक्षा द्याल तेव्हा मोर्स लागणारच. आजपासून दिवसाला दोन अक्षरे गिरवायला घ्या.

आता सेट.

भाच्याचा आयसी-७०५ मी हाताळला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. शॉर्टवेव्हपासून ४३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळे एका डब्यात, वजन किलोच्या थोडे वर, पडद्यावर बोट ठेवून बँड पाहता येतो. दर स्टेशन पडद्यावर पाण्याच्या धारेसारखे खाली उतरताना दिसते, नव्या माणसाला त्यातून पुष्कळ शिकायला मिळते. पण मागे लागणाऱ्या छोट्या बॅटरीवर तो पाच वॉटच देतो, दहा हवे तर बाहेरून साडेतेरा व्होल्टच्या आसपास पुरवठा हवा. आत अँटेना ट्यूनर (तार सेटाशी जुळवून घेणारा भाग) नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. पाण्यापासून बचावाची हमी नाही. आणि किंमत तुमच्या ठरवलेल्या रकमेच्या बरीच वर. कर्जातला महागडा सेट माणूस जिवाच्या भीतीने वापरतो. पावसात न्यायचा नाही, मुलांच्या हातात द्यायचा नाही, असे करत करत तो नुसता पाहायचा होतो. तुमच्या कामाला मी हा नको म्हणेन.

शिवाय सेट म्हणजे सूटकेसमधले कपडे नव्हेत. दाबोळी असो की मोपा, वायरलेसचे सामान बाहेरून आणायचे तर तुमच्या परवान्याचा आधार, आयातीची परवानगी आणि सीमाशुल्क यांचा हिशेब विमान सुटण्याआधी झालेला हवा. नाहीतर भाचा घरी येईल आणि सेट कस्टम्सच्या टेबलावर राहील. भाच्याचा जीव तुमच्यावर आहे म्हणून तो म्हणतो, पण त्याला या भानगडीत घालू नका. काही आणायचेच असेल तर चांगल्या प्रतीचे कनेक्टर आणि हेडफोन आणू दे.

एफटी-८१७ हे फार गुणी यंत्र. २००० सालच्या सुमारास आले आणि पाठीवर टाकून डोंगर चढणाऱ्या हॅमची एक पिढी त्याने घडवली. पुढे त्याच घराण्यातला एफटी-८१८ आला, आता तोही बनत नाही. पाच वॉट, आत ट्यूनर नाही, ऐकतानाच चारशे-साडेचारशे मिलिअँपिअर खातो. जुन्या नगांत शेवटच्या पायरीचे ट्रान्झिस्टर जळालेले निघतात, आणि ऐकताना ते कळत नाही, कारण ऐकण्याची बाजू ठणठणीत असते. घ्यायचाच झाला तर त्या गृहस्थांना डमी लोड (अँटेनेऐवजी लावायचा भार) आणि पॉवर मीटर लावून प्रत्येक बँडवर वॉट दाखवायला सांगा. माइकची केबल मुळाशी वाकवून पाहा, बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट डाग आहेत का बघा. विकणारा परवानाधारक आहे आणि सेट त्याच्या परवान्याशी जुळतो, याचा कागद मागायला संकोच करू नका. सज्जन माणूस रागावणार नाही.

शिएगू जी-९० विषयी मी सुरुवातीला साशंक होते, आता नाही. वीस वॉट, १६० ते १० मीटरचे बँड, आणि सर्वात उपयोगाचे म्हणजे आत बसवलेला ट्यूनर, जो वाकडीतिकडी तारही सांभाळून घेतो. रानात तार दर वेळी सारखी बांधली जात नाही. एकदा माड मिळतो, एकदा फणस, एकदा शाळेच्या गच्चीचा खांब. आपल्यासारख्याला तो ट्यूनर म्हणजे अर्धी लढाई. उणिवाही सांगते. आत बॅटरी नाही. हँडीचे बँड नाहीत. पंख्याचा आवाज येतो. जपानी सेटांच्या मानाने बांधणीत सफाई कमी. वजन दीड किलोच्या वर. पण तुमच्या कामासाठी, तुमच्या पैशांत आणि तुमच्या डोंगरांत, मी हाच घ्या म्हणेन. विक्रेत्याकडून बिलासकट, परवाना दाखवून घ्या. ई-कॉमर्सवरच्या बेकायदा वॉकीटॉकी विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यामागे कारण आहे. बिनकागदाचा स्वस्त सेट तुमच्या कष्टाने मिळवलेल्या परवान्याला डाग लावू शकतो.

आणखी एक नाव तुमच्या पत्रात नाही, पण मास्तर म्हणून तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हैदराबादचे अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सेट रचला, बाजारात सहज मिळणाऱ्या भागांचा, कोणालाही आकृती पाहून समजेल असा. त्याचाच पुढचा मायक्रो-बिटएक्स ८० ते १० मीटरवर साधारण दहा वॉट देतो. पत्र्याच्या डब्यात बसवा, झाकण उघडा आणि नववीच्या मुलांना एकेका भागावर बोट ठेवून सांगा की आवाज इथून शिरतो, इथे वाढतो, इथून तारेत जातो. बिघडला तर सोल्डरिंग आयर्न घेऊन स्वतः बसता येते. आज त्याच्यावर तुमच्या आईची काळजी सोपवू नका, ट्यूनर नाही आणि दमटपणापासून आपणच जपावे लागते. पण पुढच्या वर्षी शाळेत एक बांधाच. अमेरिकेतला एलिक्राफ्ट केएक्स-२ खिशात मावतो आणि ऐकताना जेमतेम १३५ मिलिअँपिअर खातो, हलक्या सेटांत मला तो सर्वात आवडतो. पण आयातीची तीच अडचण आणि पैसेही तसेच, म्हणून तो इथेच सोडते.

सत्तर हजारांतले सगळे सेटावर घालू नका, हे मात्र मी हात जोडून सांगते. बॅटरी, तार, कोएक्स (तारेपासून सेटापर्यंतची केबल), कनेक्टर, चार्जर आणि बंद होणारा डबा यांसाठी पंधरा हजार बाजूला काढा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-अवरची घ्या. वजन किलोच्या आत. यूपीएसमधली शिशाची ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन किलोच्या वर भरते आणि आयुष्य टिकवायचे तर तिच्यातले निम्मेच वापरता येते. हिशेब करून पाहा. जी-९० ऐकताना अर्धा अँपिअर घेतो, वीस वॉटांवर बोलताना सरासरी अडीच-तीन. तासातली पंधरा मिनिटे बोललात आणि बाकी ऐकलेत तर तासाला एक अँपिअर धरा, म्हणजे पाच-साडेपाच तास मिळतात. रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास एवढेच ठरवले तर वीज नसलेले चार-पाच दिवस एका बॅटरीवर निघतात. वेळ ठरवून बोलण्याचा हा दुसरा फायदा. सेट दिवसभर चालू ठेवून कोणी हाक मारते का पाहत बसणारा दुसऱ्या दिवशी अंधारात बसतो.

तार स्वतः करा. विजेच्या दुकानातली एक चौरस मिलिमीटरची लवचीक वायर, दहा-दहा मीटरचे दोन तुकडे, मध्ये जाड प्लॅस्टिकचा तुकडा, त्याला कोएक्स जोडलेली. एकेक हात अर्धा मीटर जास्तच ठेवा आणि एसडब्ल्यूआर मीटर (तारेकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा, आकडा जितका कमी तितके चांगले) पाहत थोडा थोडा दुमडत आणा, कापू नका. मधला भाग माडावर सात-आठ मीटर उंच, दोन्ही टोके उतरती, जमिनीपासून दोन-अडीच मीटरवर नायलॉनच्या दोरीने बांधलेली. गुरे-माणसे अडकणार नाहीत आणि बोलताना कोणाचा हात लागणार नाही, एवढे पाहा. माडावर चढायला पाडेली रोज कुठून मिळणार? गरीला लावायचे शिसे आणि तंगूस घ्या, गलोलीने फांदीवरून टाका, तंगुसाला सुतळी आणि सुतळीला दोरी बांधून ओढून घ्या. विजेच्या तारांपासून लांब, हे वेगळे सांगायला नको. गडगडाट सुरू झाला की बोलणे थांबवा, कोएक्स सेटातून काढा आणि घराबाहेर टाका. वीज डोक्यावर येईपर्यंत वाट पाहू नका.

आता गोव्याचा खरा वैरी. तो म्हणजे दमटपणा. काही वर्षांपूर्वी ऑगस्टात मी चोर्ल्याच्या सड्यावर सेट घेऊन गेले होते. धुके, बारीक पाऊस, ताडपत्रीखाली सगळे मांडले. कोल्हापूरचे स्टेशन ऐकू येत होते, मी हाक मारत होते, आणि पलीकडे पोचत नव्हते. मीटर एसडब्ल्यूआर तीनच्या वर दाखवत होता. तार पाहिली, दोरी पाहिली, सेट बंद करून चालू केला. पाऊण तास गेला. शेवटी कोएक्सच्या टोकाचा बीएनसी प्लग काढून उजेडाकडे धरला तर मधल्या पिनेच्या मुळाशी शेवाळासारखी हिरवी कड आणि बाहेरच्या कड्यावर पांढरी भुकटी. प्लग आदल्या मोसमापासून पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात तसाच पडलेला होता, ओलाच ठेवला गेला होता. पेन्सिलीच्या रबराने पिन घासली, कोरड्या रुमालाच्या टोकाला पीळ देऊन आतले कडे पुसले. मीटर दीडच्या खाली आला आणि दुसऱ्या हाकेला कोल्हापूरने उत्तर दिले. सेटाची चूक काहीच नव्हती. तेव्हापासून घरी आले की आधी कनेक्टर पुसायचे, मग चहा, हा नेम आहे.

म्हणून सेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या महिन्याला तव्यावर मंद आचेवर कोरड्या करा, रंग बदलणाऱ्या असतील तर कळतेही. बाहेर राहणाऱ्या जोडांवर रबराची स्वतःला चिकटणारी टेप. आणि सेट पंधरा दिवसांत एकदा तरी चालवाच, पावसाळ्यात तर जास्त. आतली ऊब हे सर्वात स्वस्त औषध. समुद्राकाठच्या केरीला मात्र दमटपणात मीठही येते, तिथे सगळे दुप्पट जपावे लागते. त्यांना दुसरी मौज आहे, खाऱ्या पाण्याच्या कडेला पाच मीटरची उभी दांडी २० मीटर बँडला लावली की लहर समुद्रावरून सपाट सुटते आणि पाच वॉटांत युरोप गाठते. कधी त्या बाजूला गेलात तर सेट बरोबर न्या.

आईविषयी. तुमच्या मनातली भीती मला समजते, म्हणून स्पष्ट लिहिते. सेट रुग्णवाहिका आणत नाही, निरोप नेतो. निरोप घेणाऱ्याला त्याचे काय करायचे ते आधी माहीत हवे. पुण्याहून मेव्हण्याने १०८ फिरवला तर तो महाराष्ट्राच्या केंद्रात लागेल. म्हणून त्याच्याकडे एका कागदावर लिहून ठेवा: वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्राचा पूर्ण क्रमांक, आईच्या डॉक्टरांचा क्रमांक, वाळपई-साखळीतल्या दोन नातेवाईकांचे क्रमांक, तुमच्या घराची खूण, आईची औषधे. कागद त्याच्या सेटाशेजारी भिंतीला चिकटलेला असू दे. तो घरी नसेल तेव्हा कोण, हेही ठरवा. सकाळी ४० मीटरवर भारतभरच्या हॅम मंडळींची नेट, म्हणजे हवेतल्या ठरलेल्या बैठका, भरतात, तिथे रोज हजेरी लावलीत की महिनाभरात दहा लोक तुमचा आवाज ओळखू लागतील. मेव्हणा एक आणि हे दहा, मग तुमची ओंजळ एकटी राहणार नाही.

कागदपत्रांचे एकच. परवान्यावर पत्ता असतो, घराबाहेर सेट चालवण्याबाबतच्या अटी नीट वाचून घ्या. रानात जाताना परवान्याची प्रत आणि ओळखपत्र डब्यातच ठेवा. तुमच्या भोवती म्हादई अभयारण्य आहे, आत जायचे तर वन खात्याची परवानगी आधी. किनाऱ्यावर किंवा डोंगरावर तार टाकून बसलेल्या माणसाला पोलिसांनी विचारले तर ते त्यांचे काम करतात. परवाना दाखवा, हेडफोन त्यांच्या हातात द्या, ऐकू द्या. बहुतेक वेळा ते अर्धा तास थांबतात.

आणि आज, सेट येण्याच्या आधी, एक करा. त्या मित्राकडे किंवा ओळखीत कोणाकडे लोअर साईडबँड (४० मीटरवर हॅम ज्या पद्धतीने बोलतात ती) ऐकणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर असेल तर आठ दिवस मागून आणा. वर सांगितली तशी तार या रविवारी बांधा. मेव्हण्याला सांगा की रोज सकाळी साडेसातला ७ मेगाहर्ट्झवर ठरलेल्या जागी पाच मिनिटे बोल. तुम्ही फक्त ऐका आणि वहीत लिहा, तारीख, वेळ, आवाज किती स्वच्छ, पाऊस होता का. सातपैकी पाच दिवस तो ऐकू आला तर तार बरोबर आहे, जी-९० ची ऑर्डर द्या. नाही आला तर तार हलवा, ऑर्डर थांबवा आणि वहीचे पान मला पाठवा, आपण दोघे मिळून बघू. तंगूस दोन रिळे आणा. एक माडात अडकून राहते.